डोंगरमाथ्यावरची रोजकीर्द

"नऊ ते दहा. आकाश निरभ्र, वारा पडलेला, पक्षी शून्य." अमेरिकेतल्या हॉक माउंटन या डोंगराच्या माथ्यावर बसून मी वहीत केलेली ही पहिली नोंद. शेजारी बसून दक्षिणेकडे जाणारे शिकारी पक्षी मोजणाऱ्या मोजणीकार बाईच्या कागदावरही त्या तासापुढे शून्यच होतं. तिनं रकाना रिकामा सोडला नव्हता, रेघही मारली नव्हती. स्वच्छ गोल शून्य काढलं होतं. ते बघितलं आणि ही माणसं आपल्यातली आहेत असं मला वाटलं. जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत मी चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रोखपाल म्हणून. व्यवहार झाला नाही त्या दिवशीसुद्धा रोजकीर्दीचं पान भरायचं असतं. कोरं पान आणि शून्याचं पान यांतला फरक मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझी लेक पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनला असते. उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाते आणि नोव्हेंबर संपायच्या आत परत येते. सप्टेंबरात शाळा सुरू होतात, नातू दिवसभर बाहेर, लेक-जावई कामावर. मग घरात मी एकटी. एका रविवारी लेक म्हणाली, "आई, चल, तुला एक डोंगर दाखवते. तिथे लोक दिवसभर आकाशाकडे बघत बसतात." गाडीनं पाऊण-एक तास, मग ओकच्या झाडीतून दगडधोंड्यांची पायवाट. शेवटच्या चढाला धाप लागली, पण वर पोचले आणि समोरचं बघून ती विसरले. करड्या खडकांचा मोठा ढिगारा, त्यावर जागा मिळेल तिथे उशा टाकून तीस-चाळीस माणसं बसलेली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पालखी यायच्या आधी आपल्याकडे रस्त्याच्या कडेला लोक बसतात ना, तशी. आणि मधूनच कुणीतरी ओरडतं, "दोनच्या वर!" की सगळ्या दुर्बिणी एकदम वळतात.

दोनच्या वर म्हणजे काय, हे कळायला मला तो अख्खा दिवस लागला. समोर ईशान्येकडे डोंगराची धार लांबवर गेलेली दिसते. तिच्यावर जे उंचवटे आहेत त्यांना या लोकांनी एक ते पाच असे आकडे दिलेत. निळ्या आकाशात बोट दाखवून पक्षी कुणाला दाखवता येत नाही. म्हणून आधी उंचवटा सांगायचा, मग त्याच्या किती वर, मग ढगाच्या कुठल्या बाजूला. माझं इंग्रजी बँकेपुरतं, पण आकडे सगळीकडे सारखेच.

हीच धार का, तर ती ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे शेकडो किलोमीटर सलग पळते. किटाटिनी म्हणतात तिला, अ‍ॅपलेशियन डोंगररांगेचा हा पूर्वेकडचा कठडाच. शरद ऋतूत उत्तरेकडून थंड हवा उतरली की मागोमाग वायव्येचा वारा सुटतो, तो या धारेवर आदळतो आणि वर उसळतो. कोकणकड्यावर उभं राहून दरीत काही फेकलेल्याला आणि ते परत तोंडावर आलेल्याला हे सांगावं लागणार नाही. शिकारी पक्षी त्या उसळीवर पंख पसरून नुसते बसतात आणि पंख न मारता कोसच्या कोस दक्षिणेला जातात. वारा नसेल तेव्हा उन्हानं तापलेली हवा वर चढते, तिच्यात गोल गोल फिरत उंची गाठतात आणि मग घसरगुंडीसारखे पुढे सुटतात. हिवाळ्यात खायला मिळेल तिथे पोचायचं आणि वाटेत अंगातली चरबी जपायची, हा सगळा हिशेब.

मोजणी १५ ऑगस्टला सुरू होते आणि १५ डिसेंबरला संपते. रोज कुणीतरी वर असतं. सोळा जाती नियमित येतात, एका हंगामाची सरासरी साधारण १८ हजार पक्षी. त्यातले बरेचसे ब्रॉडविंग. आपल्या तिश्याच्या नात्यातला, रुंद पंखांचा, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेला हा पक्षी सप्टेंबरच्या मध्याला दहा-बारा दिवसांत जवळजवळ सगळाच निघून जातो. १४ सप्टेंबर १९७८ या एका दिवशी इथून २१,४४८ ब्रॉडविंग गेल्याची नोंद आहे.

मी त्या रविवारनंतर आठवड्यातून दोन-तीनदा जायला लागले. लेक सकाळी सोडायची, संध्याकाळी घेऊन जायची. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, थर्मासात चहा, खाली टाकायला सतरंजीची घडी. मोजणीकार ठरलेले आणि शिकवलेले असतात, त्यांचाच आकडा अधिकृत. मी त्यांच्या बाजूला बसून माझ्या वहीत माझा आकडा लिहायचे आणि तास संपला की ताळा बघायचे. सुरुवातीला तो कधीच जमला नाही.

पहिली अडचण दिसण्याची. निळंभोर आकाश म्हणजे छान दिवस असं आपल्याला वाटतं, पण मोजणाऱ्याला तोच सर्वांत अवघड. नजर कशावर अडकतच नाही, डोळा नुसता पोकळीत बुडतो. पांढरे ढग असले की त्यांच्यावर काळे ठिपके लगेच कळतात. मोजणीकार बाई दर काही मिनिटांनी तेच करायची. आधी दुर्बिणीनं धारेची रेषा डावीकडून उजवीकडे, मग त्याच्या वरचा एक पट्टा, मग त्याच्याही वरचा, मग दुर्बीण खाली ठेवून उघड्या डोळ्यांनी डोक्यावरचं. नांगरटीसारखं, तास चुकवायचा नाही. मी मात्र एखादा पक्षी दिसला की त्याच्याच मागे दुर्बीण नेत बसायचे आणि तेवढ्यात तीन निसटलेले असायचे.

दुसरी अडचण ओळखण्याची. रंग विसरा, असं मला पहिल्या दिवशीच सांगितलं गेलं. एवढ्या लांबून रंग दिसत नाही, दिसते ती चाल. टर्की गिधाड, ज्याला तिथे सगळे नुसतं "टीव्ही" म्हणतात, पंख वर उचलून इंग्रजी व्हीसारखं धरतं आणि दारू प्यायलेल्या माणसासारखं झोकांड्या खात जातं. बाल्ड ईगल फळीसारखा सरळ. मासे पकडणाऱ्या ऑस्प्रेचे पंख कोपरात मोडलेले. शार्पी, म्हणजे आपल्या शिक्र्याचा अमेरिकन भाऊ, दोन-चार वेळा भराभर पंख मारतो, मग तरंगतो, पुन्हा मारतो. त्याचा मोठा भाऊ कूपर्स हॉक अगदी तसाच, फक्त डोकं पंखांच्या रेषेपुढे आलेलं आणि शेपटीचं टोक गोल. या दोघांतला फरक मला अजूनही दहातून सात वेळाच जमतो.

न जमलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला पडला होता. कागदावर त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे, ओळख न पटलेल्यांचा. अंदाजानं कुणाच्या खात्यात टाकायचं नाही. आमच्याकडे ज्या रकमेचा मालक कळत नाही ती सस्पेन्स खात्यात जाते. अमक्याचीच असेल म्हणून त्याच्या नावावर जमा केली तर हिशेब जुळलेला दिसतो आणि खोटा असतो. मोजणीकार बाईला हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिला पटकन कळलं, आणि त्यानंतर ती मला अवघड पक्षी मुद्दाम विचारायला लागली.

तिसरी गोष्ट मोजायची कधी, ही. ब्रॉडविंग तापलेल्या हवेत शिरले की त्यांचा भोवरा होतो. ते लोक त्याला केटल म्हणतात, उकळतं पातेलं जणू. चाळीस-पन्नास पक्षी एकमेकांच्या वर-खाली फिरत असतात, आत येतात, बाहेर पडतात. अशा एका भोवऱ्याला माझ्या वहीत ६१ होते आणि तिच्या कागदावर ४४. मी फिरता भोवरा मोजला होता, म्हणजे कितीतरी पक्षी दोनदा. भोवरा फिरत असताना मोजायचंच नाही. नुसतं लक्ष ठेवायचं. सर्वांत वर पोचलेला पक्षी पंख आखडतो आणि दक्षिणेकडे सुटतो, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, आणि भोवऱ्याची सरळ ओळ होते. ती ओळ डोक्यावरून जाताना एकेक पक्षी मोजायचा. पाणी विहिरीत मोजता येत नाही, पाटात आलं की येतं, तसंच हे. शिवाय दक्षिणेला गेलेलाच मोजायचा. आसपास राहणारी गिधाडं आणि एखादा स्थानिक रेडटेल, म्हणजे लाल शेपटीचा शिकारी पक्षी, दिवसभर समोर घिरट्या घालतात, त्यांना ओळखून बाजूला ठेवायचं.

मग तो दिवस आला. रात्री पाऊस होऊन गेला होता, सकाळी गारवा आणि वायव्येचा वारा. अकरापासून जे सुरू झालं ते थांबेचना. एक भोवरा चारच्या वर, दुसरा डावीकडे दरीवर, आणि दोन्हींच्या ओळी एकाच वेळी सुटायला लागल्या. मोजणीकार बाईनं डोळे दुर्बिणीतून न काढता हातातला एक क्लिकर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "डावी ओळ तुमची." अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढे जातो, ते साधं यंत्र. मी पापणी लववली नाही. टक, टक, टक. वर पक्षी जात होते, पोटाकडून उन्हानं उजळलेले, पंखांची काळी किनार स्पष्ट, आणि आवाज म्हणून काहीच नाही. एवढे जीव डोक्यावरून जातात आणि सगळं निःशब्द, याची मला सवय नव्हती. ओळ संपली तेव्हा यंत्रावर ८७ होते. तिनं आकडा विचारला, मी सांगितला, तिनं लिहिला. पुन्हा विचारलं नाही. नोकरीतल्या दुसऱ्या वर्षी आमच्या मुख्य रोखपालांनी माझं नोटांचं बंडल पहिल्यांदा न मोजता तिजोरीत ठेवलं होतं, तो क्षण आठवला.

हे ब्रॉडविंग इथून टेक्सासमधून मेक्सिकोत आणि तिथून मध्य व दक्षिण अमेरिकेत जातात. समुद्रावर हवा तशी वर चढत नाही, म्हणून ते जमीन धरून जातात आणि मेक्सिकोत वेराक्रूझला डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळे एकत्र येतात. तिथे एका हंगामात चाळीस लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले जातात. माझे ८७ त्यात असतील, असं मी नातवाला सांगितलं. त्यानं नकाशा काढून बोटानं वाट आखली.

एक पक्षी मात्र मी अगदी हातभर अंतरावरून पाहिला. माथ्यावर एका उंच काठीला प्लास्टिकचं घुबड बांधलेलं असतं. दिवसा घुबड दिसलं की ससाणे-शिक्रे चवताळून त्याच्यावर येतात, आणि बघणाऱ्याला ते जवळून दिसतात. ऑक्टोबरात एका दुपारी मी डबा उघडून बसले होते, इतक्यात कापड फाटल्यासारखा आवाज झाला. शार्पी. त्या वर्षीचंच पिल्लू, छातीवर तपकिरी उभ्या रेघा, आगपेटीच्या काडीएवढे पिवळे पाय पुढे ताणलेले. घुबडाच्या डोक्याला नखं घासून तो वळला आणि क्षणभर माझ्या तोंडासमोर हवेत थांबल्यासारखा झाला. पिवळा डोळा, त्याच्या मधोमध काळा ठिपका. कबुतरापेक्षा लहान जीव, आणि पहिल्यांदाच निघालेला, वाट दाखवायला कुणी सोबत नाही. पुढच्या क्षणाला तो खालच्या झाडीत गेला. शेजारच्या माणसानं हळूच सांगितलं, "हा लिहा." मी लिहिला.

हीच जागा नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी कत्तलखाना होती. पक्षी इथून खाली येतात हे बंदूकवाल्यांनाही माहीत होतं. शरदातल्या सुट्टीच्या दिवशी माणसं येऊन रांगेनं उभी राहत आणि जाणारा प्रत्येक पक्षी पाडत. १९२९ मध्ये राज्याच्या शिकार खात्यानं गोशॉक हा शिक्र्याच्या जातकुळीतला मोठा पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलरचं इनामही लावलं होतं. १९३२ मध्ये रिचर्ड पाऊ या तरुणानं इथे मरून पडलेले पक्षी गोळा केले, जंगलातल्या जमिनीवर ओळीनं मांडले आणि त्यांचे फोटो काढले. ते फोटो न्यूयॉर्कच्या रोझली एज यांनी पाहिले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली ही बाई. १९३४ मध्ये त्यांनी हा सुमारे १,४०० एकरांचा डोंगरच भाड्यानं घेतला आणि राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्यांची पत्नी अर्मा यांना पाठवलं. बंदुका घेऊन आलेल्यांना अर्माबाई फाटकाशी अडवायच्या. मॉरिस वर बसून पक्षी मोजायचे. पहिल्याच शरदात त्यांनी दहा हजारांहून जास्त मोजले. मोजणी तेव्हापासून चालू आहे, फक्त ते दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले तेवढी वर्षं खंड पडला.

कोंबड्या नेणाऱ्या शिकारी पक्ष्यांवरचा शेतकऱ्यांचा राग मला समजतो. आमच्या आजीच्या हातात घारीसाठी कायम दगड असायचा, कारण कोंबडीची पिल्लं गेली की तिचा बाजार गेला. पण इथे वर येऊन गोळ्या झाडणाऱ्यांपैकी किती जण कोंबड्या वाचवायला आले होते? वाऱ्यावर निवांत बसलेला, कुणाचंही काही न घेता वाटेनं जाणारा पक्षी पाडायचा, तोही गंमत म्हणून. खडकावर बसले की कधी कधी ते चित्र डोळ्यांपुढे येतं आणि पोटात ढवळतं.

त्या मोजणीचा उपयोग पुढे काय झाला, हे मला एका पावसाच्या दिवशी कळलं. धुकं इतकं की पाच उंचवट्यांपैकी एकही दिसत नव्हता. एक जुने स्वयंसेवक चहा पीत सांगत होते. ब्राउन गरुडांची नोंद करताना प्रौढ आणि पिल्लं वेगळी लिहायचे. १९३५ ते १९३९ मध्ये इथून गेलेल्या बाल्ड ईगलांपैकी ४० टक्के लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू. मोठे गरुड आकाशात दिसत होते, त्यामुळे सगळं ठीक आहे असं कुणालाही वाटलं असतं. पिल्लंच येत नव्हती. १९६२ मध्ये आलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांनी डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध जे पुरावे मांडले, त्यात हे आकडे आहेत. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन उबवतानाच फुटतात, हे पुढे सिद्ध झालं. अमेरिकेत १९७२ मध्ये त्याच्या वापरावर बंदी आली, आणि आता मला एका दिवसात तीन-चार बाल्ड ईगल सहज दिसतात. ज्या माणसानं "लहान" आणि "मोठे" असे दोन रकाने आखले, त्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं की वीस वर्षांनी त्यातला एक रिकामा होत जाणार आहे.

त्या दिवशी मला आमचं गाव फार आठवलं. ओढ्यापलीकडे मेलेली जनावरं टाकायची जागा होती. तिथल्या वडावर गिधाडं बसायची, मान आत घेऊन. शाळेत जाताना आम्ही नाक धरून तिथून पळायचो. ती कधी गेली? मी गावात होते, सणावाराला येत होते, पण मला वर्ष सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. आधी किती होती, तेही नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पक्षी अभयारण्यात पक्षितज्ज्ञ विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडं मोजून ठेवली होती, म्हणून १९९० च्या दशकात पुन्हा मोजल्यावर केवढी घट झाली ते देशाला कळलं. २००४ मध्ये कारण सापडलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. आमच्या ओढ्यापलीकडे मात्र कुणाची वही नव्हती. ती पाखरं नोंद न होताच गेली.

नोव्हेंबरात माथा ओस पडतो. पानं गळून दरी करडी होते, बसणारे चार-पाच उरतात. बोटं इतकी गारठतात की पेन धरवत नाही, म्हणून मी पेन्सिल नेत होते. तास तास काही येत नाही, आणि जे येतं ते मोठं असतं. माझ्या परतीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमारास, एकच्या मागून एक काळी रेघ वर आली. पंख हलेचनात. जवळ येत गेली तशी मानेवरची सोनेरी झाक दिसली. गोल्डन ईगल, कॅनडाच्या पूर्वभागातून आलेला. आमच्या डोळ्यांच्या रेषेत, धारेला अगदी चिकटून तो गेला. मान वळवून त्यानं आम्हाला पाहिलं. कुणी बोललं नाही. बऱ्याच वेळानं मोजणीकार बाईनं वेळ, वय आणि जात लिहिली, आणि वाऱ्याचा वेग मोजायला उठली.

आता मी सांगलीला आहे. रविवारी भाच्याच्या गाडीवर बसून पूर्वेकडच्या माळावर जाते. हिवाळ्यात इथे भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, गवतावरून अगदी खालून, कापणी केल्यासारख्या फिरतात आणि संध्याकाळी गवतातच उतरून बसतात. वही तीच आहे. पानावर मी रकाने आखलेत : भोवत्या नर, भोवत्या मादी किंवा पिल्लू, कापशी, तिसा, खरूची, गरुड, ओळख न पटलेले. शेवटचा गिधाडांचा. भाचा म्हणाला, "मावशी, तो कशाला? इथे कुठली गिधाडं?"

गेल्या रविवारची नोंद : चार ते पाच. वारा पूर्वेचा, हलका. भोवत्या नर एक, मादी किंवा पिल्लू तीन. कापशी दोन. गिधाड शून्य.